सवाष्ण वायर

आधीच सांगते, मी भूतखेत मानणाऱ्यातली नाही. ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. कोणाच्या अंगात आलं असं ऐकलं की माझ्या तोंडून पहिलं "बीपी चेक केलं का?" हेच निघतं. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण झालं ते झालं, आणि तेही रविवारी भर सकाळी, बोरीवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये.

आईला फुप्फुसाचा आजार आहे. झोपताना ऑक्सिजनचं मशीन लागतं आणि मशीनला वीज. तिची थोरली बहीण, आमची माईमावशी, देवरुखजवळच्या गावात अंथरुणाला खिळलेली. दोघी रोज फोनवर बोलायच्या. हल्ली माईमावशी नुसतं "हं" म्हणायची. फोन ठेवला की आई म्हणायची, "एकदा भेटले असते गं तिला." पण तिकडे लाइट गेली की कधी येईल ते देवाला ठाऊक. डॉक्टर म्हणाले, मशीन बंद पडणार नाही याची खात्री असेल तरच न्या.

मग मी एक जुनी व्हॅन घेतली. मागे आईसाठी पलंग, पलंगाखाली दोन मोठ्या बॅटऱ्या. गाडी सुरू करायची बॅटरी वेगळी, या फक्त आतल्या वस्तू चालवायला. आणि त्या भरायला घडी घालून नेता येईल असं सोलर पॅनेल. माझा धाकटा भाऊ पश्या म्हणाला, "ताई, डोकं फिरलंय का तुझं? आईची वाट लागेल!" मी म्हटलं, "तू ये नाहीतर नको येऊस. मी नेणार म्हणजे नेणार."

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा आता नाहीत. त्यांना लाल रंग दिसायचा नाही. खरंच! कुंकू आणि काजळ त्यांना सारखंच. त्यापायी टेक्निकल नोकरी मेडिकलमध्ये हुकली आणि जन्मभर क्लार्क राहिले, पण घरातली इस्त्री, मिक्सर कधी बाहेर दुरुस्तीला गेला नाही. लाल-काळी वायर ओळखायची कशी? तर मीटर लावून प्लस शोधायचे आणि तिला पांढरा दोरा बांधायचे. दोन वेढे, दुहेरी गाठ, आणि दोरा दाताने तोडायचा, कात्री कधीच नाही. लाल म्हणजे कुंकवाची, म्हणून त्या वायरीला ते 'सवाष्ण' म्हणायचे. "वैशू, सवाष्ण कुठली ते आधी बघ, मग हात लाव." आई चिडायची, "काय बाई तोंड या माणसाचं!"

तर त्या रविवारी मी पॅनेल जोडायला बसले. नवी केबल होती, सीलबंद पिशवी मीच फोडली. एका टोकाला पॅनेलमध्ये बसणारे कनेक्टर, दुसऱ्या टोकाला मोकळ्या तारा - एक लाल, एक काळी. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये एक डबा असतो, चार्ज कंट्रोलर. त्याला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनेल. बॅटरी जोडली. बाहेर पॅनेलला कनेक्टर लावले आणि त्यावर आईची जुनी चादर टाकली, म्हणजे ऊन लागून करंट यायला नको. लाल वायर प्लसमध्ये घालायला उचलली आणि बघते तर काळीला पांढरा दोरा! पॅकिंगचा असेल म्हणून सोडून फेकून दिला. तेवढ्यात आईचा फोन, "पोहे गार होतायत, ये वर." व्हॅनला कुलूप लावलं, चावी कुर्त्याच्या खिशात टाकली आणि गेले.

खाली आले. कुलूप उघडलं. काळ्या वायरीला पांढरा दोरा. दोन वेढे, दुहेरी गाठ, टोक दाताने तोडलेलं.

भीतीपेक्षा रागच जास्त आला. कोण मस्करी करतंय? पश्याला फोन लावला. "तू आला होतास का रे इथे?"

"मी मुलुंडला घरी आहे गं. नॅशनल पार्कातली माकडं असतील."

"माकडं केळी पळवतात रे, गाठी नाही मारत! आणि कुलूप?"

फोन ठेवला आणि मी जे आधीच करायला हवं होतं ते केलं. चादर काढली आणि मीटर लावला. लाल काडी लाल वायरीला, काळी काळीला. आकड्याच्या आधी वजाचं चिन्ह! पुन्हा लावलं. वजाच. बनवतानाच कोणीतरी कनेक्टर उलटे बसवले होते. लाल वायर मायनस होती आणि काळी... काळी सवाष्ण होती. रंग बघून जोडलं असतं तर माझा तो स्वस्तातला डबा जागच्या जागी जळला असता. जाणं लांबलं असतं, आणि माईमावशीकडे तेवढा वेळ नव्हता.

मी तिथेच उकिडवी बसून रडले. वॉचमन धावत आला, "मॅडम, शॉक लगा क्या?" म्हटलं, हो, लागला.

डोळे पुसले. दोरा होता तसा ठेवून काळी प्लसमध्ये घातली, लाल मायनसमध्ये. कंट्रोलरचा चार्जिंगचा दिवा लागला. आईला खाली आणलं, मशीन लावलं, आणि ती दुपारभर व्हॅनमध्ये मस्त झोपली. उठल्यावर तिला गाठ दाखवली. तिने चष्मा लावला, गाठीवरून बोट फिरवलं. "सवाष्ण ओळखली बघ त्यांनी," म्हणाली. मग चष्मा काढत, "माझा लग्नातला लाल शालू मात्र शेवटपर्यंत चॉकलेटी म्हणायचे."

आम्ही गेलो. गाडी पश्यानेच चालवली. तिकडे लाइट गेलीच, ते काय सांगायला हवं! पश्याने माईमावशीला उचलून व्हॅनमध्ये आणलं. मशीन घरघरत होतं आणि दोघी बहिणी एका पलंगावर पडून बोलत होत्या. माईमावशी "हं"वर थांबली नाही, चक्क भांडलीसुद्धा आईशी. नंतर महिन्याभरात ती गेली.

पश्या म्हणतो, "तूच तंद्रीत बांधला असशील गं. बाबांना लहानपणापासून बघितलंयस ना." असेल. पण माझे पुढचे दात कॅपचे आहेत, मला दाताने दोरा तुटत नाही. आणि काळी प्लस आहे हे मीटर लावायच्या आधी माझ्या हातांना कुठून कळणार? मला उत्तर सापडलेलं नाही.

तुमच्याकडे असेल तर जरूर सांगा, मी ऐकेन. फक्त ती गाठ सोडून बघ, असं म्हणू नका. एकदा सोडली होती मी.