आकड्यांचे फोटो

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

घाटंजीकडे आमची कापसाची कंपनी आहे — शेतकरीच भागधारक, शेतकरीच मालक. मी तिथला हिशेबनीस. एका सभेत ठराव झाला: वर्षाचा हिशेब सभासदांच्या ग्रुपवर टाकायचा, आणि तो एक्सेलमध्येच. म्हणजे कोणालाही मोबाइलवर शोधता यावं, बेरीज करून बघता यावी. ठराव मांडला होता सुनीता राठोड यांनी. तांड्यावरच्या भागधारक, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायच्या. ठराव मलाही पटला होता — हे मुद्दाम सांगतो, कारण मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय मला नको.

अध्यक्षांनी बोलावून चहा पाजला. म्हणाले, "कागद द्या, पण असा द्या का वाचणारा थकला पायजे."

कसा द्यायचा, ते त्यांनी सांगितलं नाही. ते मला सुचलं. फाइल तयारच होती. ती मी छापली, आणि छापलेली एकतीस पानं पुन्हा स्कॅन केली — तिरकी, फिकट. आकड्यांचे नुसते फोटो झाले; तेच ग्रुपवर टाकले. स्वतःच्या हुशारीवर खूश होतो तेव्हा. एक्सेल का नाही, म्हणून सुनीताताईंचा फोन आला, तर सॉफ्टवेअरमध्ये अडचण आहे म्हणून सांगितलं. खोटं.

त्यांनी काय करावं? एकतीस पानं वाचून एकेक आकडा स्वतः टाइप केला. आणि सभेत उभ्या राहिल्या — वाहतुकीचा खर्च जुळत नाही, एकाच ट्रकची यवतमाळची एकच खेप दोनदा दिसते. ट्रक अध्यक्षांच्या पुतण्याचा. खेप खरंच एक होती. दोन्ही नोंदी मीच केल्या होत्या.

मी काय केलं असेल? मूळ फाइल उघडून भिंतीवर दाखवली — हो, तीच, जी द्यायला अडचण होती — आणि त्यांच्या बेरजेतली चूक काढली. एका ठिकाणी त्यांनी इंग्रजी तीनचा आठ वाचला होता. माझ्याच फिकट पानावर. लोक हसले. फॉर्म भरणं वेगळं अन् हिशेब वेगळा, असं कोणीतरी मागून म्हणालं. मीही हसलो. खेपेचं मग कोणी विचारलंच नाही.

त्यानंतर त्या सभेला आल्या नाहीत. दोन्ही नोंदी अजून तशाच आहेत. एवढंच असतं, तर कदाचित मी आजही गप्प बसलो असतो.

पण त्या दिवशी सभा संपल्यावर त्या माझ्या टेबलाशी आल्या. खाली बघत म्हणाल्या, "माहीच चूक झाली, भाऊ. तुमाले उगाच तरास देल्ला."

आणि मी — मोठ्या मनानं — म्हणालो, "चालते, ताई. होते असं."