धोकादायक इमारतीतलं बाळंतपण

छताला तडे गेले म्हणून पेठेतलं पालिकेचं जुनं प्रसूतिगृह बंद झालं आणि नव्या इमारतीसाठी निधी मंजूर झाला. सगळ्यांत जास्त आनंद राजश्री सिस्टरला झाला. उमेदीची सगळी वर्षं तिनं त्याच छताखाली बाळंतपणं केली होती, आणि नव्या इमारतीसाठी पालिकेतल्या आरोग्य खात्याच्या साहेबांच्या मागंही तीच लागली होती. सामान हलेपर्यंत तिला तिथं राखणीला बसवलं होतं.

एका दुपारी म्हाळसाबाई सुनेला रिक्षातून घेऊन आली. सून कळांनी विव्हळत होती.

"हे बंद झालंय, आजी. मोठ्या दवाखान्यात न्या," राजश्री म्हणाली.

"तितवर न्हाय पोचायची ओ बाई. बगा तरी की!"

राजश्रीनं पाहिलं आणि कुलूप काढलं. तड्यांपासून लांब, दाराशी खाट ओढली. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप होत्या.

पेपरात राजश्रीचा फोटो आला. पालिकेच्या पुढच्या सभेत एक नगरसेवक तो पेपर फडकावत म्हणाला, "इमारत तर चालतीय की! मग नवी कशाला?" लगेच डागडुजीचा ठराव झाला आणि निधी नाट्यगृहाकडं वळला.

राजश्री साहेबांकडं धावली. "साहेब, छत खरंच धोक्याचं आहे."

"मग तुम्ही त्या बाईला आत घेतलंच कसं?"



तड्यांवर सिमेंट फासून प्रसूतिगृह पुन्हा सुरू झालं. बदली मागावी, तर दारात येणाऱ्या बायकांना कुणाच्या भरवशावर सोडायचं? राजश्री रोज कामावर जाते, आणि बाळंतिणीशी बोलता बोलता तिची नजर छताकडं जाते.