शकुनाचा एक डॉलर

कलघटगी रस्ता सोडून दोघी नुग्गीकेरीच्या वाटेला वळल्या तेव्हा चांगलं उजाडलं होतं, आणि निवेदिता तोवर चार वाक्यंही बोलली नव्हती. जयलक्ष्मीबाईंना हे नवीन होतं. अकरा शनिवार मारुतीला चालत जायचं असं दोघी शेजारणींनी ठरवलेलं, त्यातला आजचा सातवा. आधीच्या सहा शनिवारी मालमड्डीतून निघाल्यापासून देवळाच्या पायरीपर्यंत या पोरीच्या तोंडाला खळ नसायची. बाई मनातल्या मनात नाम घेत चालायच्या, आणि ही मध्येच "जयक्का, ते बघा" म्हणून रस्त्याकडेला पडलेला एखादा गंजका पंप दाखवायची.

"मघापासून चौथा सुस्कारा हा," बाई म्हणाल्या. "मला सांगणार आहेस, का थेट मारुतीलाच सांगणार?"

निवेदिता हसली नाही. आज पाचच्या आत तारिहाळला फोन करून सोमवारपासून येते असं कळवायचं आहे, एवढंच तिनं सांगितलं. नोकरी लागल्याची बातमी इतक्या उतरल्या तोंडानं सांगणारं माणूस बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं.

निवेदिताचं सगळं आयुष्य यंत्रांच्या संगतीत गेलेलं. वडिलांचं उणकलला लेथचं छोटं दुकान होतं. शाळा सुटली की ती तिथंच बसायची, आणि गिऱ्हाइकानं आणलेल्या चाकाचे दात बोटांनी चाचपून किती तुटलेत ते सांगायची. पुढं विद्यानगरला डिप्लोमा केला आणि तारिहाळच्या एका कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर बसली, ती अकरा वर्षं. मग त्या कारखान्यानं ड्रॉइंगचं काम बाहेर द्यायचं ठरवलं आणि टेबलासकट हिला मोकळं केलं. दुसरी कुणी रडली असती. हिनं आठ दिवस घर झाडलं, नवव्या दिवशी जुना कॉम्प्युटर देवघराशेजारी मांडला आणि स्वतःचं काम सुरू केलं. जगात जिथं कुठं जुनं यंत्र मोडतं आणि त्याचा भाग आता बाजारात मिळत नाही, तिथल्या माणसानं मोडक्या तुकड्याचे फोटो आणि मापं पाठवायची. ही त्यावरून अख्ख्या भागाचं ड्रॉइंग करून देणार. तिकडं ते ड्रॉइंग दाखवून भाग नवा पाडून घेता येतो. दीड वर्षात पाच देशांतली कामं आली. नवरा संजीव पाटबंधारे खात्यात. तो गमतीनं म्हणायचा, आमच्या घरी सगळ्या जगाचं भंगार येतं, फक्त फोटोतून येतं म्हणून जागा पुरते.

पण कामं येत ती सुटी सुटी. एक महिना भरलेला, दोन कोरडे. अशात तिच्या जुन्या साहेबांनी तारिहाळच्याच एका नव्या कारखान्यात तिच्यासाठी जागा काढली आणि महिनाअखेरपर्यंत तिची वाट बघतो म्हणाले. महिनाअखेर म्हणजे आज.

"आणि तुझा तो अर्जेंटिनाचा म्हातारा?" बाईंनी विचारलं. "त्याचं मोठं काम आलंय म्हणून नाचत होतीस की."

तिथंच तर दुखत होतं. रामिरो नावाचा हा म्हातारा तिकडं जुने पाणपंप दुरुस्त करायचा. गेल्या वर्षी त्याचं एक काम हिनं केलं होतं. तेव्हा त्यानं बँकेतून पाठवलेले पैसे यायला बावीस दिवस लागले आणि वाटेत तीन ठिकाणी कापून घेतले. या खेपेला त्यानं सात ड्रॉइंगं सांगितली, ती झाली की वर्षभर दर महिन्याला काही ना काही देईन म्हणाला, फक्त पैसे फोनमधल्या नाण्यात घे अशी त्याची विनंती होती. त्यांच्याकडं देशाच्या चलनाचा भरवसा नाही, म्हणून लोक डॉलरला बांधलेलं हे नाणं फोनमध्ये ठेवतात. एक नाणं म्हणजे एक डॉलर, आज तेवढंच आणि उद्याही तेवढंच.

संजीवनं ऐकल्यावर आधी कपाळाला हात लावला होता. त्याच्या ऑफिसातल्या एकानं असल्याच कुठल्या नाण्यात बायकोच्या पाटल्या घालवल्या होत्या. निवेदितानं त्याला शांतपणे समजावलं, की तो ऑफिसातला माणूस नाणं विकत घेऊन भाव चढायची वाट बघत बसला होता; मी विकत घेणार नाही, मला मजुरी म्हणून मिळणार, आणि मिळेल त्या दिवशी मी ते विकून रुपये करणार. शिवाय काम घ्यायच्या आधीच ती हिशेबनीसांकडं जाऊन आली होती. त्यांनी सांगितलं होतं, कायद्यात अजून सगळं स्वच्छ नाही, तेव्हा प्रत्येक बिल ठेव, तारीख ठेव, त्या दिवसाचा दर लिहून ठेव आणि उत्पन्नात पैन्‌पै दाखव. तिनं त्यासाठी वही घातली, वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहिलं.

अर्धे पैसे आधी, अर्धे नंतर, असं ठरलं. तिनं आपल्या खात्याचा तो चौतीस अक्षरांचा पत्ता रामिरोला पाठवला. त्यानं कळवलं, पाठवतोय, पोचलं की सांग. आणि खरोखर थोड्या वेळात फोन वाजला. उघडून बघते तर एक नाणं. फक्त एक.

"मग?" बाई म्हणाल्या.

"मग काय जयक्का, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं."

कारण वडिलांच्या दुकानात हीच रीत होती. मोठं काम घेऊन आलेला माणूस आधी लेथवरच्या देवीच्या तसबिरीपुढं एक रुपया ठेवायचा. तो शकुनाचा. वडील तो डोळ्यांना लावायचे आणि कामाला लागायचे. त्या रुपयाबद्दल कुणी बोलायचं नाही, पावती मागायची नाही, पोचला म्हणायचं नाही. आणि एकदा शकुन घेतला की बाकीचे पैसे आपल्या तोंडानं मागायचे नाहीत, ते येणारच. निवेदिताला वाटलं, माणूस कुठल्या कुठचा, पण रीत आपलीच. तिनं फोन देवापुढं ठेवला, दिवा लावला आणि काम सुरू केलं. नऊ दिवस मान वर न करता सातही ड्रॉइंगं संपवली, अर्धे पैसे आले की धाडू म्हणून स्वतःजवळच ठेवली आणि वाट बघत बसली.

आज सोळावा दिवस. पैसे नाहीत, निरोप नाही. काल संजीव म्हणाला होता, एका डॉलरला नऊ दिवस राबणारी बाई अख्ख्या कर्नाटकात शोधून सापडायची नाही. तो हसत म्हणाला, पण तिला लागलं. बाहेरचं जग आपल्याला कळत नाही, आपण गपचूप तारिहाळची बस धरावी हे बरं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

जयलक्ष्मीबाई रस्त्यातच थांबल्या. समोरून हिरव्या हरभऱ्याच्या पेंड्या लादलेली सायकल येत होती, तिला वाट देऊन मग म्हणाल्या, "पोच दिलीस का त्याला?"

"कसली पोच? शकुनाची कुणी पोच देतं का?"

बाईंनी एकतीस वर्षं धारवाडच्या पोस्टात खिडकीमागं काढलेली. फोनमधल्या नाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पैसे धाडणाऱ्या माणसाचा जीव कसा टांगलेला असतो हे त्यांच्याइतकं कोण जाणणार. दांडेलीच्या जंगलात राबणारी माणसं घरी मनीऑर्डर धाडायची, आणि पैसे पोचल्याची सही-अंगठ्याची चिठ्ठी परत येईस्तोवर कुठल्या ना कुठल्या निमित्तानं खिडकीशी घुटमळायची. ती चिठ्ठी हातात पडल्याशिवाय पुढची मनीऑर्डर कुणी करत नसे. एक जण तर नव्या पत्त्यावर आधी दोनच रुपये धाडायचा. पोच आली की मग पगार. पोस्टातले सगळे त्याला हसायचे, बाई कधी हसल्या नाहीत.

"तुझ्या त्या पत्त्यात एखादं अक्षर चुकलं तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"गेलेच पैसे. परत आणायची सोयच नाही."

"मग म्हातारा काय मूर्ख आहे होय, सगळे एकदम पाठवायला? पत्ता बरोबर आहे का बघायला एक धाडला गं त्यानं. पोचलं की सांग म्हणाला होता ना? तू त्याचा एक डॉलर देवापुढं ठेवून गप्प बसलीस. तो बिचारा सोळा दिवस खिडकीशी उभा आहे."

निवेदिता एका छोट्या पुलाच्या कठड्यावर मटकन बसली. आपण किती शहाण्या हे तिनं स्वतःलाच दोन-तीन शब्दांत सुनावलं, आणि फोन काढला. तिकडं आत्ता काय वाजले असतील याचा हिशेब बोटांवर केला. काल रात्रीचे साडेदहा. माणूस जागा असेल. काय लिहू, कसं लिहू, माफी आधी मागू का नंतर, असं ती पुटपुटू लागली तेव्हा बाई म्हणाल्या, पोच म्हणजे पोच, तिच्यात पाल्हाळ नसतं. तेव्हा तिनं लिहिलं, एक नाणं मिळालं, तारीख अमुक, कळवायला उशीर झाला, क्षमा करा.

मग दोघी चालत देवळात पोचल्या. बाईंनी ठरवून घाई केली नाही. रुईची माळ घेतली, तेल घेतलं, शनिवारच्या रांगेत उभ्या राहिल्या. निवेदिताचा हात मिनिटामिनिटाला पिशवीकडं जायचा आणि बाई नुसत्या बघायच्या. देवापुढं आल्यावर बाईंनी स्वतःसाठी काही मागितलं नाही. या पोरीचं टेबल देवघराशेजारून हलू देऊ नकोस, एवढं म्हटलं, आणि पुजाऱ्यांनी लावलेला शेंदूर कपाळावर घेऊन बाहेर आल्या.

देवळाजवळच्या तळ्याच्या काठी दोघी टेकल्या तेव्हा फोन वाजला. निवेदितानं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मोठ्यानं वाचून दाखवताना तिला हसू आवरेना. रामिरोनं लिहिलं होतं, की देवाची कृपा. इतके दिवस मी समजत होतो की अक्षर माझंच चुकलं. मग वाटलं, असलं नाणं घेणं तुम्हाला नको झालं असेल, बऱ्याच जणांना नको असतं, म्हणून तगादा लावला नाही. आता अर्धे धाडतो. काम कधी सुरू कराल?

"काय लिहू?" निवेदिता म्हणाली.

"खरं ते लिही."

तिनं लिहिलं, काम संपून आठवडा झाला. मग एका पाठोपाठ एक हसरे चेहरे आले, इतके की बाईंना वाटलं फोन बिघडला. त्यामागून पैसे आले. बरोब्बर ठरल्याइतके अर्धे. निवेदितानं तिथल्या तिथं पोच दिली, तारखेसकट, आणि चेष्टेनं वेळही घातली. तिकडून पुढच्या महिन्याच्या कामाचे फोटो आले. दाते झिजलेलं एक भलंमोठं चाक होतं. ती त्या चाकाकडं असं बघत राहिली जसं माहेरचं माणूस भेटावं.

संजीवला फोन केला तर तो आधी ऐकूनच घेईना. ऐकल्यावर म्हणाला, म्हणजे एका डॉलरला राबली नाहीस, एका डॉलरसाठी भांडलीही नाहीस, तुला आता काय म्हणावं. येताना हरभरा आण, संध्याकाळी उसळ मी करतो.

परतीच्या वाटेवर तिच्या तोंडाला पुन्हा खळ राहिली नाही. बाईंचं नाम दहादा तुटलं. एकदा ती चाकाबद्दल बोलायची, एकदा वहीबद्दल, एकदा त्या दोन रुपयेवाल्याबद्दल विचारायची. बाईंनी रामाला सांगून टाकलं, आजचं हेच नाम समज.

मालमड्डीचा चढ लागला तसा चालता चालता तिनं बाईंचा दंड धरला.

"जयक्का, एक काम आहे. नाही म्हणू नका."

"बोल की."

"तारिहाळच्या साहेबांना मी फोनवर 'नाही' म्हणू शकणार नाही. त्यांनी माझ्यासाठी जागा राखून ठेवली, लेकीसारखं मानलं. बोलताना माझ्या तोंडून हो निघून जाईल. मला रेघा मारता येतात, पत्र येत नाही. तुम्ही कन्नडात चार ओळी लिहून द्या. मी नको म्हणतेय हे त्यांना पक्कं कळू दे, पण वाचताना त्यांना वाटू दे की मी नमस्कार करायला आले होते. पाचच्या आधी पोचवायचंय. आधी तुमच्याच घरी जाऊ या का?"