पॉइंट पंचवीस

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही—नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवळात कौल लावतानाही नाही. तुला सांगते. ऐकून घे आणि मग मनाला येईल ते म्हण.

आमच्या पेडण्याच्या शाळेत एक मास्तर होते. मी चौथीत होते. भागाकार चुकला की ते मला बाकावर उभं करायचे आणि वर्गाला म्हणायचे, "म्हशीला पाढे येतील, पण हिला येणार नाहीत." रोज! सगळी पोरं खिदळायची. पुढे दोन वर्षं रस्त्यातही मला "म्हस" अशीच हाक पडायची. विसरले का मी? छे! सुंभ जळतो, पीळ जळत नाही. त्या रागावरच मी गणित शिकले, पदवीपर्यंत शिकले, आणि लग्नानंतर घरीच शिकवण्या घ्यायला लागले.

गोवा घटक राज्य झाला त्या सुमाराची गोष्ट. कोकणी की मराठी, यावर बाजारात माणसं हमरीतुमरीवर यायची आणि त्यात आमचे हे मास्तर सगळ्यांत पुढे. एके दिवशी तेच माझ्या दारात उभे! सोबत मुलगी, सुलभा. "बाय, आमच्या चेडवाक जरा गणित दाखव गे." मला त्यांनी ओळखलंच नाही. सांग, ज्यानं तुला तुडवलं त्याला तुझं तोंडही आठवू नये—याहून मोठा अपमान असतो का? मी हसून पाणी दिलं. सावज आयतं दारात आलं होतं.

सुलभा म्हापशाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. संख्याशास्त्रात पास झाली तर पुढे शिक्षण, नाही तर लग्न—मास्तरांनी तिला तसं बजावूनच ठेवलं होतं. तिला शिकायचं होतं, फार शिकायचं होतं. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, ०.२५ मोठा की ०.३?

"पॉइंट पंचवीस," ती लगेच म्हणाली. "पंचवीस कुठे आणि तीन कुठे, बाई!"

असं वाचायला कोणी शिकवलं? तर म्हणे, "बाबांनी."

काय सांगू तुला, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! मला म्हस म्हणणाऱ्याच्या घरात हे? पोर घोकून घोकून बारावी पार झाली होती. अडत होतं ते एवढंच. शिवणाची टेप उलगडून दाखवायची—मीटरचा पॉइंट तीन म्हणजे तीस सेंटिमीटर, पॉइंट पंचवीस म्हणजे पंचवीस. दहा मिनिटांचं काम. मी केलं का? नाही. मी म्हटलं, "शाब्बास."

आणि मग आठ महिने मी तिला निवडून निवडून अशीच गणितं घातली, की पॉइंटच्या पुढे दोन्हीकडे आकड्यांची संख्या सारखीच असावी. ०.२५ आणि ०.३०. ०.४७ आणि ०.६२. उत्तर दर वेळी बरोबर! पोर खुलली. "बाई, आता मला भीती नाही वाटत," म्हणायची. मी मान डोलवायची.

परीक्षेत आकडे कसेही आले—पॉइंटच्या पुढे कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. लहानमोठ्याची मांडणीच चुकली, मग पुढचं सगळंच घसरलं. नापास. फेरपरीक्षेतही नापास. मास्तर फणस घेऊन अंगणात आले, मान खाली. "तुम्ही तरी किती करणार," म्हणाले. मला गोड वाटलं—आजही वाटतं, खोटं कशाला बोलू? फणस मी ठेवून घेतला. गरे रसाळ होते.

मास्तरांचं मला काही वाटत नाही. पण सुलभा? तिनं माझं काय घोडं मारलं होतं?

लग्न ठरल्यावर ती पाया पडायला आली. म्हणाली, "बाई, तुम्ही जीव तोडून शिकवलंत. माझंच डोकं नाही."

मी "तसं नाही गं" म्हटलं नाही. तेव्हाही दहा मिनिटं होती. मी तिच्या हातावर साखर ठेवली.

आता ती सासरी, आमोण्याला असते. मुलाचं गणित आलं की वही नवऱ्याकडे सरकवते, म्हणते, मला नाही जमत, मी पहिल्यापासून ढच. ती ढ नव्हती. हे मला ठाऊक आहे, तिला नाही.