मुलींचाही सामना

इथे आखातात, माबेलाला, आमच्या शेजारी राहणारे रत्नागिरीचे एक गृहस्थ शुक्रवारचं क्रिकेट संपलं की माइकवर दिवसभराचे निकाल सांगतात. आधी माइकवर दोनदा फुंकर मारतात, मग होतकरू गोलंदाजांची नावं अशी लांबवून घेतात की त्या पोरांची छातीच फुगते. माणूस मायाळू आहे. माझ्या सानियाला सरावाला कितीदा तरी त्यांनीच आपल्या गाडीतून नेलंय.

गेल्या शुक्रवारी सानियाने चार बळी घेतले, तेव्हा सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच होत्या. संध्याकाळी मात्र सगळ्या मुलांची नावं घेऊन झाल्यावर ते एवढंच म्हणाले, “मुलींचाही सामना खेळीमेळीत पार पडला.”

माझं डोकंच फिरलं. मी तडक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. “भाई, तिचं नाव?”

“वहिनी, पोरीचं नाव असं माइकवर घेतलं, तर घरच्यांना आवडेल का?”

“मग मी कोण आहे?”

ते ओशाळले. “खलास वहिनी, विषय संपला, सांगतो,” म्हणत त्यांनी माइक तोंडाशी धरला. “आणि आपल्या शेजारच्या वहिनींच्या मुलीने चार बळी घेतले.”

मी माइक त्यांच्या हातातून काढून घेतला आणि सानियाचं नाव, आडनावासकट, स्वतःच सांगितलं.