साऱ्या गावाचा एकच ईमेल

बँकेतर्फे गावोगाव फिरून खोट्या ईमेलपासून लोकांना सावध करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी हरखूनच गेलो. तरुणपणी गणपतीतल्या नाटकांत मी कायम खलनायक. आता लोकांना चोराचा आवाज काढून दाखवायचा आणि वर पगारही मिळणार! पण बिद्रीच्या अलीकडच्या एका गावात माझा पडदा उघडायच्या आतच मला दरदरून घाम फुटला.

दूध संस्थेत सकाळचं दूध घालून झालं होतं, तरी रांग हलेना. किटल्या पायाशी आणि प्रत्येकाच्या हातात एटीएम कार्ड! रांगेच्या तोंडाशी, संगणकात डोकं घालून, संस्थेचे सेक्रेटरी.

"काय चाललंय?"

"बँकेचा मेल आलाय, पावणं. माहिती भरली न्हाय तर खातं बंद. सकाळपासनं बसलोय, च्या बी प्यालो न्हाय."

"पण मेल तुम्हाला आलाय. ही रांग कशाला?"

"सगळ्यांच्या खात्याला ईमेल माझाच हाय की!"

मी मटकन एका पालथ्या घमेल्यावर बसलो. खाती उघडताना फॉर्मात ईमेल विचारला होता. अख्ख्या संस्थेत तो एकट्या सेक्रेटरींकडे. मग त्यांनी तो उदार मनानं साऱ्या सभासदांना वाटून टाकला होता! मेलात कुणाचंच नाव नाही, म्हणजे तो सगळ्यांनाच असणार, हा त्यांचा हिशोब.

"अहो, हा मेल चोराचा आहे! किती जणांचं भरलंत?"

"साइटच उघडत नव्हती. आत्ता कुठं मावशींचं पहिलं कार्ड घातलंय."

मावशी म्हणजे टेबलाला रेलून उभी असलेली साठीची काटक बाई. म्हैस घ्यायची म्हणून साठवलेले सगळे पैसे तिच्या त्या खात्यात होते आणि म्हैसवाला संध्याकाळी दारात येणार होता. तिचा मोबाईल घरी, सुनेपाशी. सेक्रेटरींनी सुनेला फोन लावून स्पीकर चालू ठेवलेला.

"आला ओटीपी," सुनेचा आवाज आला. "सांगू?"

"सांगू नकोस!" मी असा गरजलो की रांगेतली एक किटली कलंडली.

"कोण वरडतंय? सेक्रेटरींनी मागितलाय, त्यांनाच सांगणार. तुम्ही कोण मधीच? चोरबिर हायसा काय?"

इतकी वर्षं केलेल्या खलनायकाला मिळालेली ही पहिली मनापासूनची दाद! पण ऐकायला वेळ कुणाला होता? सून वाचायलाच लागली, "चार..."

मावशीनं फोन हिसकावला. "तोंड मीट! आणखी एक आकडा काढलास तर घरात घेणार न्हाय!"

सुनेनं फोनच ठेवून दिला. सेक्रेटरींचा चेहरा दह्यासारखा पांढरा. मी लगेच बँकेत फोन करून कार्ड बंद करवलं. पैसे जागेवर होते.

"कार्ड बंद केलंसा," मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आता म्हशीचं पैसं कोण देणार? चला."

तिला गाडीत घालून मी शाखेत नेलं. खिडकीवरच्या मुलीनं पैसे काढायची स्लिप पाहिली आणि गोड आवाजात विचारलं, "मावशी, खात्याचा मोबाईल नंबर सांगा."

मावशीनं पासबुक झटकन मागं ओढलं. "नंबर कशाला? मेसेज धाडून ओटीपी मागणार व्हय?"

"अहो, ही बँक आहे!"

"मेलात बी तसंच लिव्हलंतं."

मुलगी हतबल होऊन माझ्याकडे बघायला लागली. मी पुढं होऊन म्हटलं, "मावशी, सांगा, मी आहे ना."

त्यावर तिनं साऱ्या शाखेला ऐकू जाईल असं विचारलं, "आणि तुम्ही तरी बँकंचं, हे कुणी सांगितलं?"

मी गुपचूप ओळखपत्र काढलं. तिनं ते उलटंसुलटं केलं, फोटो आणि माझं तोंड दोनदा ताडून पाहिलं, "फोटोत बरं दिसतायसा," म्हणाली, आणि मगच नंबर सांगितला. तोही खिडकीत वाकून, मला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.