शटरकडं पाठ

त्या दुष्काळी साली वडवणीतल्या एका पतसंस्थेनं आमच्या ठेवी अडवल्या, म्हणून आम्ही तिच्या दारात रोज धरणं धरून बसायचो. सगळ्यांची तोंडं बंद शटरकडं. एकटा एक टोपीवाला म्हातारा शटरकडं पाठ करून आम्हालाच न्याहाळत बसायचा. घोषणा देत नसे. पाण्याचा टँकर आला, की आम्ही घागरी घेऊन पळायचो, पण तो हलायचा नाही. हा नक्की चेअरमनचा माणूस, असं मला वाटायचं. शेवटी विचारलंच, "आमच्याकडं काहून बघता हो?"

"शटर कुटं पळून जातंय? तुमच्यातलं कोण हळूच उठून मागच्या दारानं आपल्यापुरतं मिटवून येतंय, ते बघतो."

मला ते लई पटलं. दुसऱ्या दिवशी मीही शटरकडं पाठ करून त्याच्या शेजारी बसलो.

तो उठला, समोर गेला आणि माझ्याकडं तोंड करून बसला.